वेलिंग्टन कू : सही कुठे रोखायची आणि कुठे करायची

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका वाचकाने विचारलंय : "चीनचे राजदूत वेलिंग्टन कू यांचं नाव विसाव्या शतकातले थोर मुत्सद्दी म्हणून घेतलं जातं. पण 1919 मध्ये शांतुंग मिळालं नाही, 1931 मध्ये मंचुरिया गेला, 1949 मध्ये त्यांच्या सरकारलाच तैवान गाठावं लागलं. मग थोरपण नेमकं कशात? फक्त पॅरिसच्या एका भाषणात?"

शंका रास्त आहे. भाषणाबद्दल तर मी तुमच्याही पुढे जाऊन म्हणेन की त्या भाषणाने त्या वर्षी काहीही बदललं नाही. पण माझी नोकरी परराष्ट्र सेवेत गेली आणि त्यातली बरीच वर्षं करारांचे मसुदे वाचण्यात, त्यावर तांबडी पेन्सिल चालवण्यात गेली. त्यामुळे कोणाही मुत्सद्द्याची कारकीर्द समोर आली की तो काय बोलला यापेक्षा त्याने कशावर सही केली, कशावर केली नाही आणि दरम्यानच्या काळात कागदावर काय नोंदवून ठेवलं, हे आधी बघायची सवय लागलीय. कू यांचं सगळं कसब तिथेच आहे. ज्या देशाकडे ना आरमार आहे, ना पैसा, ना धड सरकार, त्याचा दावा कायद्याच्या दृष्टीने मरू द्यायचा नाही, एवढंच काम त्यांनी पन्नास वर्षं केलं. काही ठिकाणी जमलं, काही ठिकाणी सपशेल फसलं.

आधी माणूस थोडक्यात. जन्म 29 जानेवारी 1888, शांघायचा. चिनी नाव गू वेइज्युन. शांघायच्या सेंट जॉन्समध्ये शिकून ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे विद्यार्थ्यांच्या दैनिकाचं संपादन केलं, वादविवादाचं पदक मिळवलं आणि जॉन बॅसेट मूर यांच्याकडे आंतरराष्ट्रीय कायदा शिकले. 1912 मध्ये पीएच.डी. झाली. विषय होता चीनमधल्या परकीयांचा कायदेशीर दर्जा. म्हणजे परकी माणसाने शांघायमध्ये गुन्हा केला तर त्याच्यावर चिनी कोर्टात खटला का चालत नाही, जकात कोण ठरवतं, परकीयांना दिलेल्या वसाहतींत हुकूम कोणाचा, हे प्रश्न. पुढची तीस वर्षं त्यांनी राजकारणात जे केलं त्याचा आराखडा या प्रबंधातच आहे. आपल्याकडे कोलंबिया म्हटलं की बाबासाहेब आठवतात. बाबासाहेब तिथे पोचले 1913 मध्ये. कू त्याच्या आदल्या वर्षी बाहेर पडले होते.

मायदेशी परतल्यावर ते राष्ट्राध्यक्ष युआन शिकाई यांचे इंग्रजी सचिव झाले आणि लगेच परराष्ट्र खात्यात आले. जानेवारी 1915 मध्ये जपानने चीनपुढे एकवीस मागण्या ठेवल्या आणि सोबत बजावलं की यातलं एक अक्षरही बाहेर जाता कामा नये. पाचव्या गटातल्या मागण्या तर अशा होत्या की मान्य केल्या असत्या तर चीनच्या पोलिसांत आणि राज्यकारभारात जपानी सल्लागार बसले असते. जपानने हा गट आपल्याच मित्रराष्ट्रांपासून लपवला होता. कू यांनी अध्यक्षांच्या संमतीने अमेरिकी वकिलातीतल्या पॉल राइन्श यांच्या कानावर मजकूर घातला, ब्रिटिशांनाही पोचवला. वॉशिंग्टन आणि लंडनहून विचारणा सुरू झाल्यावर जपानला तो पाचवा गट बाजूला ठेवावा लागला. बाकीच्या मागण्या मात्र 7 मेच्या अल्टिमेटमनंतर चीनने मुकाट्याने मान्य केल्या.

इथे एक बारीक गोष्ट घडली, जी परीक्षेच्या पुस्तकांत सहसा नसते. करार झाल्यावर चीनने जाहीर निवेदन काढलं की ही मान्यता धमकीखाली दिलेली आहे. त्या निवेदनामागे कू होते. त्या घडीला त्याचा उपयोग शून्य होता. पण चार वर्षांनी पॅरिसमध्ये "हा करार जबरदस्तीचा होता" असं म्हणताना ते आत्ताच सुचलेलं निमित्त वाटू नये, यासाठी 1915 चा कागद हाताशी होता. मसुद्याच्या टेबलावर बसलेल्या कोणालाही याची किंमत कळेल. हरल्याच्या दिवशी नोंदवलेली हरकत आणि चार वर्षांनी आठवलेली हरकत यांचं वजन सारखं नसतं.

त्याच वर्षी, सत्ताविसाव्या वर्षी, त्यांना अमेरिकेत वकील, म्हणजे चीनचे राजनैतिक प्रतिनिधी, म्हणून पाठवलं गेलं.

आता पॅरिस, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरची तहाची परिषद. त्याची पार्श्वभूमी नीट माहीत असल्याशिवाय भाषणाचं कौतुकही खरं होत नाही. 1898 मध्ये जर्मनीने शांतुंग प्रांतातला च्याओचौ उपसागर 99 वर्षांच्या पट्ट्याने घेतला, चिंगदाओ बंदर बांधलं, तिथून जिनानपर्यंत रेल्वे टाकली. 1914 मध्ये महायुद्ध सुरू होताच जपानने चिंगदाओ जिंकून घेतलं. 1917 च्या सुरुवातीला ब्रिटन, फ्रान्स वगैरेंनी जपानला गुप्तपणे शब्द दिला की तहाच्या वेळी शांतुंगमधले जर्मन हक्क तुम्हाला मिळावेत म्हणून आम्ही पाठिंबा देऊ. चीनने ऑगस्ट 1917 मध्ये जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं. सैन्य पाठवलं नाही, पण जवळजवळ 1 लाख 40 हजार चिनी मजूर ब्रिटिश आणि फ्रेंचांसाठी पश्चिम आघाडीमागे खंदक खणत होते, रस्ते आणि रूळ दुरुस्त करत होते.

तहाच्या परिषदेत जपानला पाच प्रतिनिधींच्या जागा मिळाल्या, चीनला दोन. त्या दोन जागांसाठी पाच चिनी प्रतिनिधी आपसात भांडत होते, कारण देशात सरकारंच दोन होती, एक बीजिंगला आणि एक कॅन्टनला. परराष्ट्रमंत्री लू झेंगश्यांग प्रमुख होते. वांग झेंगटिंग दक्षिणेचे. कोणाचा क्रम वर, यावरून धुसफूस शेवटपर्यंत मिटली नाही.

27 जानेवारी 1919 रोजी जपानच्या माकिनोंनी बड्या राष्ट्रांच्या दहा जणांच्या मंडळापुढे शांतुंगवर दावा मांडला. दुसऱ्या दिवशी चीनला बोलायची संधी मिळाली. कू हातात कागद न धरता बोलले. त्यांना 31 वर्षं पूर्ण व्हायला एक दिवस बाकी होता. शांतुंग म्हणजे कन्फ्यूशियस आणि मेन्शियस यांची जन्मभूमी, तिथले 3 कोटी 60 लाख लोक चिनीच, हा भाग सगळ्यांना माहीत आहे. मला त्यातली दुसरी चाल जास्त आवडते. जपानने जर्मनांना हुसकावलं याबद्दल त्यांनी आधी जपानचे आणि ब्रिटनचे आभार मानले, आणि मग म्हटलं की हे ऋण आपल्याच देशबांधवांच्या जन्मसिद्ध हक्काच्या मोलाने फेडायचं असेल, तर ते कर्तव्याला चुकल्यासारखं होईल. समोरच्याचा उपकाराचा मुद्दा त्यांनी आधीच उचलून घेतला, म्हणजे त्याला तो पुन्हा मांडता येईना.

पण खरा भार होता कायद्याच्या तीन मुद्द्यांवर. एक, चीनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारताच 1898 चा पट्टा संपला. आणि मुळात त्या पट्ट्यातच लिहिलं होतं की जर्मनी तो तिसऱ्या कोणाला देणार नाही. म्हणजे जर्मनीकडे जपानला द्यायला काही उरलंच नव्हतं. दोन, 1915 चे करार अल्टिमेटमखाली झाले. तीन, युद्धात उतरल्यावर परिस्थितीच मुळातून बदलली.

मग हे अडलं कुठे? टोकियोत. सप्टेंबर 1918 मध्ये रेल्वेसाठी कर्ज मिळावं म्हणून बीजिंग सरकारने टोकियोतल्या आपल्या वकिलामार्फत एक पत्रव्यवहार केला होता, आणि त्यात शांतुंगबाबतच्या जपानी व्यवस्थेला "आनंदाने संमती" असे शब्द होते. 1915 ला बंदूक रोखली होती, हे सांगता येतं. 1918 ला कोणती बंदूक होती? अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी हाच प्रश्न चिनी प्रतिनिधींना विचारला. पॅरिसमध्ये इतकी तयारी करून आलेला वकील आपल्याच सरकारच्या एका पत्रापुढे निरुत्तर होतो, हा प्रसंग मी नव्या अधिकाऱ्यांना नेहमी सांगायचो. मुत्सद्देगिरीतले निम्मे अपघात घरचेच असतात.

त्यात एप्रिलमध्ये इटलीचे प्रतिनिधी फ्यूम या बंदराच्या वादावरून परिषद सोडून गेले. राष्ट्रसंघाच्या घटनेत वंशसमानतेचं तत्त्व घालण्याची जपानची दुरुस्ती आधीच फेटाळली गेली होती, आणि आता शांतुंगही नाकारलं तर आम्हीही सही करणार नाही, असं जपान सुचवू लागला. विल्सनना काहीही करून राष्ट्रसंघ, म्हणजे सगळ्या राष्ट्रांची नवी संघटना, उभी करायची होती. 30 एप्रिलला निर्णय जपानच्या बाजूने झाला. व्हर्सायच्या तहाची 156 ते 158 ही कलमं तीच. बातमी बीजिंगला पोचली आणि 4 मेला विद्यार्थी रस्त्यावर आले.

याच दिवसांत लोकमान्य टिळक लंडनमध्ये होते. डिसेंबर 1918 च्या दिल्ली काँग्रेसने तहाच्या परिषदेसाठी टिळक, गांधी आणि हसन इमाम यांची नावं सुचवली होती. सरकारने पॅरिसला जाण्याचा परवाना दिला नाही, तेव्हा टिळकांनी मार्च 1919 मध्ये परिषदेचे अध्यक्ष, फ्रान्सचे पंतप्रधान क्लेमांसो यांना पत्र लिहून हिंदुस्थानची बाजू मांडली. गंमत अशी की परिषदेत हिंदुस्थानलाही चीनइतक्याच, म्हणजे दोन जागा होत्या. तहावर सह्या केल्या ब्रिटनचे भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरच्या महाराजांनी. टिळकांचा मुद्दा कू यांच्या मुद्द्याहून कमी भक्कम नव्हता, पण ज्याच्या हातात सही नाही त्याला ती नाकारताही येत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. मे-जून 1919 मध्ये चिनी प्रतिनिधींपुढे तीन वाटा होत्या. मुकाट सही करायची. सही करायची, पण शांतुंगच्या कलमांपुरती हरकत राखून. किंवा सहीच करायची नाही. कू आणि मंडळींनी दुसरी वाट पायरीपायरीने चाचपली. आधी मागितलं की हरकत तहाच्या मजकुरातच नोंदवा. नकार. मग तहाला जोडपत्र म्हणून जोडा. नकार. मग सहीआधी आम्ही वेगळं निवेदन देतो, ते फक्त घ्या. तेही नाही. त्या काळी हरकतीसह सही करायची तर बाकीच्या सगळ्यांची संमती लागे. करारांच्या कायद्याबद्दलच्या 1969 च्या व्हिएन्ना कराराने आलेली मोकळीक तेव्हा नव्हती. बीजिंगहून येणारे हुकूम धरसोडीचे होते. पॅरिसमधल्या चिनी विद्यार्थ्यांनी आणि मजुरांनी लू यांच्या मुक्कामाला वेढा घातला होता. 28 जून 1919 रोजी व्हर्सायच्या आरसेमहालात चीनच्या दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या.

"मग काय झालं? जपान तर तिथेच होता," असं तुम्ही म्हणाल. बरोबर. पण सही झाली असती तर जपानच्या ताब्यावर खुद्द मालकाची मोहोर उमटली असती. सही न झाल्यामुळे जपानकडे ताबा राहिला, पण चीनच्या संमतीची कागदोपत्री साखळी तुटलेली राहिली. आपल्याकडे जमिनीच्या सातबाऱ्यावर हरकतीची नोंद असली की घेणाऱ्याला निवांत झोप लागत नाही, तसंच. शिवाय चीन एकटा पडला असंही झालं नाही, कारण राष्ट्रसंघाची घटना ऑस्ट्रियाशी झालेल्या सेंट-जर्मेनच्या तहातही जशीच्या तशी होती. त्या तहावर चीनने सप्टेंबर 1919 मध्ये सही केली आणि राष्ट्रसंघात मागच्या नव्हे, पुढच्याच दाराने प्रवेश घेतला. जर्मनीशी मे 1921 मध्ये स्वतंत्र करार केला. त्यात जर्मनीने चीनमधले आपले विशेषाधिकार सोडले. सहीचा नकार हा नुसता संताप असता तर या दोन पर्यायी वाटा सापडल्या नसत्या.

हिशेब चुकता झाला वॉशिंग्टनला. अमेरिकी सिनेटमध्ये व्हर्सायच्या तहावर तुटून पडणाऱ्यांनी शांतुंगचा मुद्दा भरपूर वापरला होता, तह तिथे मंजूर झालाच नाही, आणि 1921-22 च्या वॉशिंग्टन परिषदेच्या वेळी अमेरिका व ब्रिटन दोघांनाही पूर्वेकडचं हे प्रकरण मिटलेलं हवं होतं. चीनच्या बाजूने कू, आल्फ्रेड झे आणि वांग छोंगहुई होते. वाटाघाटी परिषदेच्या बाहेर, पण अमेरिकी आणि ब्रिटिश निरीक्षकांच्या साक्षीने झाल्या. 4 फेब्रुवारी 1922 च्या कराराने जपानने शांतुंग परत दिलं. फुकट नव्हे. रेल्वेपोटी चीनने सुमारे 5 कोटी 34 लाख सुवर्ण मार्क रोख्यांच्या रूपाने द्यायचे, मुदत 15 वर्षांची, आणि तोवर वाहतुकीवर जपानी अधिकारी ठेवायचा. बीजिंगच्या वर्तमानपत्रांत यावरही ओरड झाली. मला विचाराल तर तीन वर्षांत, एक गोळी न झाडता, गेलेला प्रांत सोडवून आणण्याची त्या काळातली दुसरी उदाहरणं शोधावी लागतील. आणि 1919 ची सही झालेली असती तर या टेबलावर चीनला बसताच आलं नसतं.

पुढचा टप्पा त्यांच्या चाहत्यांना अडचणीचा वाटतो, म्हणून त्यावर लवकर उडी मारली जाते. 1922 ते 1927 या काळात बीजिंगची सत्ता लष्करी सरदारांच्या हातांत फिरत होती. कधी वू पेइफू, कधी झांग झुओलिन. कू बहुतेकांच्या मंत्रिमंडळात होते. परराष्ट्रमंत्री झाले, अर्थखातं सांभाळलं, ऑक्टोबर 1926 पासून काही महिने तर काळजीवाहू पंतप्रधान आणि राष्ट्राध्यक्षही होते. ज्या अध्यक्षाचा हुकूम राजधानीच्या वेशीबाहेर फारसा चालत नाही, असा अध्यक्ष. संधिसाधू म्हणायला टीकाकारांना पुरेसा मसाला आहे. खुद्द कू यांचं म्हणणं होतं की पक्ष येतात-जातात, परराष्ट्र खातं देशाचं असतं. मला हे निम्मंच पटतं. सरदाराने लोकांना लुटून आणलेल्या पैशावर चालणाऱ्या सरकारचा चेहरा तुम्ही असाल, तर त्याच्या कर्माची थोडी जबाबदारी चेहऱ्यावरही येते. शिवाय परदेशातल्या वकिलातींचे पगार बीजिंगहून महिनोन्महिने येत नसत आणि कू यांचा थाट मात्र टिकून होता, कारण त्यांच्या पत्नी हुई-लान या जावातल्या साखरसम्राट ओएई तिओंग हाम यांच्या कन्या होत्या. वकिलातीची झुंबरं सासऱ्यांच्या साखरेवर उजळत होती, असं म्हटलं तरी चालेल.

पण त्याच खिळखिळ्या सरकारच्या आडून त्यांनी एक धाडस केलं. बेल्जियमशी 1865 चा करार होता. त्यात दर दहा वर्षांनी फेरविचाराची सोय होती, पण फेरविचार मागण्याचा हक्क एकट्या बेल्जियमला. चीनने 1926 मध्ये मुदत संपताना नवा करार मागितला. बेल्जियमने टोलवाटोलवी केली. 6 नोव्हेंबरला चीनने करार एकतर्फी रद्द केला. विषम करार, म्हणजे परकी सत्तांनी चीनवर लादलेला एकतर्फी फायद्याचा करार, असा स्वतःहून मोडण्याची ही पहिलीच वेळ. बेल्जियम हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, चीन तिथे फिरकलाच नाही, आणि शेवटी बेल्जियमने वाटाघाटी पत्करून खटला काढून घेतला. बेल्जियमचीच निवड का केली, हे उघड आहे. ब्रिटन किंवा जपानचा करार मोडला असता तर गनबोटी आल्या असत्या. वर्गातल्या सगळ्यात लहान मुलाशी भांडण काढलं, असं कोणी म्हणेल, आणि ते खोटं नाही. पण दाखला पडला तो पडलाच. 1927 च्या सुरुवातीला त्यांनी जकात खात्याचे ब्रिटिश प्रमुख सर फ्रान्सिस अ‍ॅग्लेन यांना, नवा अधिभार वसूल करायला नकार दिला म्हणून, पदावरून काढलं. चिनी जकातीच्या ब्रिटिश प्रमुखाला चिनी सरकारचा नोकर म्हणून वागवणं, ही त्या काळी बातमी होती.

1928 मध्ये राष्ट्रवादी पक्षाचे नेते चियांग कै शेक यांचं सैन्य बीजिंगला आलं आणि कू यांच्या अटकेचा हुकूम निघाला. ते काही काळ परदेशी गेले. तीन वर्षांनी त्याच सरकारने त्यांना परराष्ट्रमंत्री केलं, कारण सप्टेंबर 1931 मध्ये जपानने मंचुरियात मुसंडी मारली होती आणि जिनिव्हात बोलू शकणारी माणसं फार नव्हती.

मंचुरियाचं प्रकरण त्यांच्या कारकिर्दीतलं उघड अपयश. राष्ट्रसंघाच्या लिटन चौकशी आयोगाबरोबर चीनचे प्रतिनिधी म्हणून ते 1932 मध्ये मंचुरियात गेले. तिथे जपानने नव्याने उभारलेल्या बाहुल्या सरकारने त्यांना येऊ देणार नाही अशी धमकी दिली होती. गेल्यावर पोलिसांचा असा पहारा की स्थानिक चिनी माणसाला त्यांच्याशी चार शब्द बोलायची सोय नव्हती. 24 फेब्रुवारी 1933 रोजी राष्ट्रसंघाने लिटन अहवालावर आधारलेला ठराव 42 विरुद्ध 1 मतांनी मान्य केला. विरोधी मत एकट्या जपानचं, सयाम तटस्थ. जपानचे प्रतिनिधी मात्सुओका सभागृहातून उठून गेले. जपान राष्ट्रसंघातून बाहेर पडला आणि मंचुरिया जपानकडेच राहिला. इथे कागदावरचा विजय शंभर टक्के होता आणि जमिनीवर त्याचं काहीच झालं नाही. दावा जिवंत ठेवण्याच्या पद्धतीची मर्यादा ही. तिला वेळ लागतो आणि आपल्या बाजूने वजन टाकणारं कोणीतरी लागतं. 1922 ला अमेरिका होती. 1933 ला सगळे मंदीत बुडालेले होते. तुमच्या उत्तरपत्रिकेत 1919-22 शेजारी 1931-33 ठेवून लिहा, नुसत्या गुणगानापेक्षा ते जास्त खरं होईल.

पॅरिसमध्ये वकील व राजदूत राहून 1941 मध्ये ते लंडनला आले. इथे त्यांच्या कारकिर्दीतला, माझ्या मते, सगळ्यात अवघड निर्णय आहे आणि तो 1919 च्या अगदी उलट दिशेचा आहे. 1942 च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिका चीनमधले आपले विशेषाधिकार सोडायला तयार झाले. चियांग यांना त्याच करारात हाँगकाँगचा नवा प्रदेश, म्हणजे 1898 चा 99 वर्षांचा पट्टा, परत हवा होता. चर्चिल सरकार हलेना. करार मोडण्याच्या बेतात आला. कू त्या वेळी चीनच्या युद्धकाळातल्या राजधानीत, चोंगछिंगला, आले होते. त्यांनी सल्ला दिला की नव्या प्रदेशाचा मुद्दा आम्ही सोडलेला नाही, पुढे काढू, असं लेखी कळवा आणि आत्ता सही करा. चियांग यांनी कुरकुरत ऐकलं. 11 जानेवारी 1943 ला करार झाला.

पॅरिसमध्ये "हरकतीसह सही" मागून ती मिळाली नाही म्हणून सही नाकारणारा माणूस, चोवीस वर्षांनी हरकतीसह सही करा म्हणून स्वतःच्या नेत्याची समजूत घालतो. विसंगती? मला वाटत नाही. 1919 ला सही केली असती तर हक्क गेला असता. 1943 ला सही केल्याने हक्क वाढत होते आणि उरलेला दावा पत्रात शाबूत होता. अडवून धरलं असतं तर जकात, न्यायालयं, वसाहती सगळंच लटकलं असतं. कराराच्या टेबलावर बाणेदारपणा दाखवणं सोपं असतं. घरी टाळ्याही पडतात. सही केल्याने माझ्याकडून काय जातं आणि न केल्याने काय जातं, हे दोन रकान्यांत मांडून मग पेन उचलणारे कमी.

1944 मध्ये डंबार्टन ओक्सला संयुक्त राष्ट्रसंघाच्या आराखड्यासाठी ते चीनचे प्रमुख होते. 26 जून 1945 ला सॅन फ्रान्सिस्कोत सनदेवर पहिली सही चीनची झाली, आक्रमणाला पहिला बळी पडलेला देश म्हणून, आणि ती कू यांनी कुंचल्याने केली. त्याच सनदेवर हिंदुस्थानच्या वतीने सर रामस्वामी मुदलियार आणि व्ही. टी. कृष्णम्माचारी यांच्या सह्या आहेत. 1946 ते 1956 ही वॉशिंग्टनमधली दहा वर्षं मात्र मला त्यांच्या आयुष्यातली फिकी वाटतात. कम्युनिस्टांनी डिसेंबर 1948 मध्ये 43 युद्धगुन्हेगारांची यादी जाहीर केली, तिच्यात कू होते. म्हणजे वीस वर्षांत दोन्ही बाजूंनी त्यांना गुन्हेगार ठरवून झालं. 1949 नंतर ते तैवानमधल्या सरकारचे राजदूत राहिले, 1954 च्या अमेरिका-तैवान संरक्षण कराराच्या वाटाघाटीत होते. काम चोख, पण ज्या देशाचे हक्क सोडवायचे तो देश आता दुसऱ्याच्या ताब्यात होता.

एक सावधगिरी. निवृत्तीनंतर कू यांनी कोलंबियाच्या मौखिक इतिहास प्रकल्पात आपल्या आठवणी सांगितल्या, अकरा हजारांवर पानं झाली. अभ्यासकांना तो खजिना आहे, पण सांगणारा पट्टीचा वकील आहे आणि अशील तो स्वतःच आहे, हे विसरू नका. पॅरिसमधल्या आपसांतल्या भांडणांत ते नेहमी समजूतदार बाजूला दिसतात. वांग झेंगटिंग यांनी हीच हकिकत सांगितली तर तिचा रंग वेगळा असेल.

आणि शेवटचा टप्पा, जो आपल्याला जवळचा आहे. 1957 मध्ये ते हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयावर न्यायाधीश झाले आणि 1967 पर्यंत, शेवटची काही वर्षं उपाध्यक्ष म्हणून, तिथे होते. 1926 मध्ये ज्या शहरातल्या न्यायालयाच्या पायरीवर त्यांचा देश चढला नव्हता, त्याच शहरात. त्यांच्यासमोर आलेला एक खटला होता पोर्तुगाल विरुद्ध भारत. 1954 मध्ये दादरा-नगर हवेली स्वयंसेवकांनी मुक्त केली, त्यात मराठी तरुण मोठ्या संख्येने होते. पोर्तुगालचं म्हणणं, दमणहून तिथे जायचा आमचा वहिवाटीचा हक्क भारताने अडवला. पुराव्यात निघाला 1779 चा पेशवे-पोर्तुगीज तह आणि 1783 व 1785 च्या सनदा. पोर्तुगाल म्हणे, मराठ्यांनी आम्हाला सार्वभौमत्व दिलं. न्यायालयाने तो मजकूर वाचून ठरवलं की दिला होता तो फक्त सालीना 12 हजार रुपयांचा महसूल, सरंजाम, राज्य नव्हे. पण पुढे इंग्रजांनी पोर्तुगीज सार्वभौमत्व गृहीत धरलं, म्हणून ते टिकलं, असंही म्हटलं.

12 एप्रिल 1960 चा निकाल तुकड्यातुकड्यांत आहे. खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांना जाण्याचा हक्क होता : 11 विरुद्ध 4. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रं यांना नव्हता : 8 विरुद्ध 7. 1954 च्या परिस्थितीत भारताने वाट अडवून कर्तव्यभंग केला नाही : 9 विरुद्ध 6. भारतातर्फे खास न्यायाधीश म्हणून बसलेल्या मुंबईच्या एम. सी. छागला यांनी विरोधी मत लिहिलं. कू यांनी स्वतंत्र मत जोडलं. तुम्ही कारकिर्दीवर लिहिणार असाल तर पॅरिसच्या भाषणाबरोबर ते मतही वाचा. तरुणपणी परकी सत्तेच्या पट्ट्यांविरुद्ध भांडलेल्या वकिलाने बहात्तराव्या वर्षी पेशव्यांच्या सनदेचा आणि सव्वाशे वर्षांच्या वहिवाटीचा कीस कसा काढला, हे त्यात दिसतं.